टाळ्या वाजल्या, समिती झाली

ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी गावात रात्र रात्र बैठका होतात, भावकी फुटते, मुंबई-पुण्याहून गाड्या भरून मतदार आणले जातात. त्याच गावातल्या जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती मात्र चहा उकळायच्या आत निवडून मोकळी होते. आपल्या पोरांच्या शाळेवर लक्ष कोण ठेवणार हे ठरवायला आपण इतका कमी वेळ देतो, याचा मनापासून राग येतो. दर दोन वर्षांनी येतो, कारण दर दोन वर्षांनी समितीची पुनर्रचना होते आणि बहुतेक ठिकाणी ती अशीच उरकली जाते.

कायद्यात कसर नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याचं २१ वं कलम सांगतं की समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. महाराष्ट्रात हे पालक सदस्य पालक सभेतून निवडायचे असतात. उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचा लोकप्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि पालकांनी निवडलेला शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सदस्य सचिव. इतक्या बारकाईनं जागा वाटून देणारा कायदा आपल्याकडे क्वचित सापडतो.

आणि प्रत्यक्षात? एका सभेत पाहिलं ते सांगण्यासारखं आहे. शनिवारची सकाळची शाळा. सभेचा निरोप आदल्या दिवशी पोरांच्या तोंडी गेलेला. पुरुष बाकांवर, बायका दाराजवळ सतरंजीवर, निम्मी सतरंजी रिकामी. नावं वाचून दाखवण्यात आली आणि ‘कुणाची हरकत?’ असं विचारलं गेलं. मागून एका आईनं विचारलं, “आमच्या पोरीच्या वर्गातून कोण हाय?” तिला उत्तर मिळालं, “बसा ताई, सगळं एकमतानं झालंय.” टाळ्या वाजल्या. ठराव वहीत सूचक आणि अनुमोदक यांची नावं सभा सुरू व्हायच्या आधीच भरलेली होती. यादीतल्या काही बाया तर सभेला आल्याच नव्हत्या. त्यांची सही घ्यायला वही संध्याकाळी घरी जाणार होती.

हे सगळं मुख्याध्यापकाच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. दोनशिक्षकी शाळेत तोच शिकवतो, तोच ऑनलाइन माहिती भरतो, तोच पोषण आहाराचा तांदूळ मोजतो. समिती ठरल्या तारखेच्या आत झाली नाही तर केंद्रप्रमुखाचा फोन त्यालाच येतो. गावात दोन गट असतील तर सभेत भांडण व्हायची धास्ती वेगळीच. मग यादी आधी तयार होते, सरपंचाच्या ओट्यावर नाहीतर मुख्याध्यापकाच्या टेबलावर. काही गावांत उलटंही होतं. अध्यक्षपदासाठी एवढी चुरस लागते की पोलीस बोलवावे लागतात. पण तिथंही लढाई ग्रामपंचायतीच्या पुढच्या निवडणुकीची असते. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही, हा प्रश्न दोन्ही गटांपैकी कुणीच विचारत नाही.

‘बिनविरोध’ या गोष्टीचं आपल्याला फार कौतुक. शाळेच्या बाबतीत मला ते पटत नाही. ज्याच्या शेतात रोजानं खुरपायला जायचं, तोच समोरच्या बाकावर बसलेला असताना त्याच्या माणसाविरुद्ध हात वर करायला कुठल्या बाईनं सांगायचं? हात वर करून घेतलेलं मत हे त्या खोलीतल्या सगळ्यांत वजनदार माणसाचं मत असतं. चिठ्ठी द्या. एक डबा, एक पेन, कोरे कागद, एवढाच खर्च. लिहिता न येणाऱ्या पालकासाठी उमेदवारांना चिन्हं द्या, ते गावाला नवं नाही. वर्गवार निवड करा, म्हणजे पहिलीतल्या पोराच्या आईलाही आपला माणूस समितीत दिसेल. आणि सभा संध्याकाळी घ्या. सकाळी अकराला घेतलेली सभा मजुरी बुडवू शकणाऱ्यांचीच सभा असते.

कुणी म्हणेल, एवढं काय आहे त्या समितीत? आहे. शाळा विकास आराखडा तिनं करायचा. अनुदानाचा खर्च तिनं तपासायचा. समग्र शिक्षा अभियानातून १०० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला जास्तीत जास्त २५ हजारांचं संयुक्त अनुदान मिळतं, आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. रक्कम लहान आहे, म्हणूनच तिच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब सभेत मोठ्यानं वाचला पाहिजे. पोषण आहार, शाळाबाह्य मुलं, शिक्षकांची हजेरी, सगळ्यावर समितीनं लक्ष ठेवायचं. शिक्षकांच्या बाजूचंही एक काम तिच्याकडे आहे, त्याची आठवण कुणी ठेवत नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांना जुंपायचं नाही, असं याच कायद्याचं २७ वं कलम म्हणतं. सर्वेक्षणाच्या नावाखाली गुरुजी आठ-आठ दिवस वर्गाबाहेर असतील, तर पालकांच्या समितीनं तसा ठराव करून वर पाठवावा. शिक्षकानं तक्रार केली तर नोटीस येते. पालकांच्या ठरावाला कोण नोटीस काढणार?

अलीकडच्या काळात तर हे आणखी महत्त्वाचं होतं. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. शिक्षण समिती नाही, सभापती नाही, गटाचा सदस्य नाही. त्या सबंध काळात जिल्हा परिषद शाळेशी थेट बांधलेली, पालकांनी निवडायची अशी एकच समिती जागेवर होती, आणि ती निवडताना आपण टाळ्या वाजवून घरी गेलो.

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या पालकांनी यात आपला संबंध नाही असं समजू नये. विनाअनुदानित खासगी शाळांना २१ वं कलम लागू नाही हे खरं. पण त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची आहे, प्रत्येक इयत्तेतून एक पालक. शाळेला फी वाढवायची असेल तर प्रस्ताव या समितीपुढं यावा लागतो. चिठ्ठी काढण्यात एक मोठा फायदा आहे : शाळेला सोयीचे पालक वेचून घेता येत नाहीत. अट एकच, चिठ्ठी सगळ्यांसमोर निघाली पाहिजे. तुमच्या शाळेत ती कधी निघाली, कुणी पाहिली, हे या जूनमध्ये लेखी विचारा. फी वाढल्यावर फाटकाबाहेर घोषणा देण्याआधी करायचं काम हे आहे.

पुन्हा गावाकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथं होतं. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांची मुलं गावात शिकत राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात, आणि ती चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे असते. म्हणजे आईबाप फडात असताना त्यांच्या पोरांच्या ताटात काय पडतंय हे ज्या समितीच्या हाती, ती समिती त्यांच्या गैरहजेरीत निवडली जाऊ शकते. समितीची मुदत तोडीच्या हंगामात संपत असेल तर पालक सभा त्याआधी घ्या, टोळ्या गावातून हलण्याच्या आत, आणि मजुरांच्या वस्तीवर जाऊन तारीख सांगा. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यानं एक परिपत्रक काढलं तरी हे याच वर्षी होण्यासारखं आहे.