निव्वळ वजन

जालना जिल्ह्याला वजनाचं महत्त्व कुणी शिकवायला नको. इथल्या कारखान्यांतून सळई टनावर बाहेर पडते, मोसंबी टनावर जाते, कापूस क्विंटलवर, आणि १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको काढल्यापासून बियाण्याच्या ग्रॅमलाही किंमत असते हे गावाला कळलं. ‘जालना सोने का पालना’ असं म्हणवून घेणाऱ्या या मुलखात अंगावरचं वजन हा भरभराटीचाच पुरावा होता. स्थळ बघताना ‘खात्यापित्या घरचे आहेत’ हे वाक्य गुणांत धरलं जायचं. आता त्याच घरांतून मेडिकलवाल्याकडे दबक्या आवाजात चौकशी चालते की वजन उतरवायला मौंजारो बरं की वेगोवी, आणि चौकशीचा सगळा भर एकाच गोष्टीवर: कशानं किती किलो उतरतात? माझं म्हणणं असं की इतका अर्धवट प्रश्न धर्मकाट्यावरचा ट्रकवाला कधी विचारत नाही. तो ट्रक दोनदा चढवतो, एकदा रिकामा आणि एकदा भरलेला, कारण एकाच आकड्यावरून माल किती आणि सांगाडा किती हे कळत नाही. माणूस मात्र काट्यावर एकदाच चढतो, आकडा बघून कळवळतो, आणि फार तर चपला काढून परत चढतो.

या एकेरी मोजमापाची फजिती आपल्याच राज्यातल्या एका डॉक्टरांनी जगाला दाखवली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या हिशेबात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे काट्याच्या लेखी दोघे जुळे भाऊ. अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली तेव्हाही तोच प्रकार निघाला: वजन सरासरी २.७ किलो, इंग्रज बाळाचं ३.५, पण चरबीच्या बाबतीत आपलं बाळ फारसं मागे नाही. कमी पडलं होतं ते स्नायूंमध्ये. म्हणजे हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र शर्टाच्या आधी दारातून आत येणारं, हे जे दृश्य मंठ्यापासून भोकरदनपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर दिसतं, त्याची सुरुवात पाळण्यातच झालेली असते. म्हणून तर भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय ३० वरून २५ वर आणली गेली, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर व बाईची ८० झाली की सावध व्हा असं ठरलं. शिंप्याची टेप इथे काट्यापेक्षा जास्त खरं बोलते. शिंपी मात्र भिडेखातर दोन बोटं सैल धरतो.

आता औषधांकडे. त्यातली जुनी जाणती ऑर्लिस्टॅटची गोळी. ती जेवणातली साधारण ३० टक्के चरबी आतड्यात शोषूच देत नाही, आणि न शोषलेली चरबी आल्या वाटेनं पुढे निघून जाते, कधी कधी मालकाची परवानगी न घेता. लग्नाच्या तेलकट पंगतीनंतर हिचा परिणाम परीटघडीच्या पांढऱ्या पायजम्यावर उमटू शकतो, त्यामुळे संयम शिकवण्यात ही गोळी कुठल्याही बुवापेक्षा सरस आहे. वजन मात्र बेताचंच उतरवते. सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवी, हे आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतं. आपलं अस्सल संप्रेरक रक्तात दोनेक मिनिटं टिकतं. नक्कल आठवडाभर टिकते आणि मेंदूला ‘पोट भरलं’ असं सांगत राहते. या घराण्यातलं पहिलं औषध अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलं होतं. हा सरडा आपल्या घोरपडीचा लांबचा नातलग. म्हणजे गड चढवण्याच्या कीर्तीत आता पोट उतरवण्याची भर पडली. २०२१ च्या मोठ्या चाचणीत १,९६१ माणसांपैकी औषध मिळालेल्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. टिर्झेपाटाइड, म्हणजे मौंजारो, दोन संप्रेरकांचं काम एकटं करतं आणि २०२५ मध्ये वेगोवीशी झालेल्या समोरासमोरच्या झुंजीत ते २०.२ विरुद्ध १३.७ टक्क्यांनी जिंकलं. किलोच मोजायचे तर निकाल इथेच लागला. पण शरीराची आतली रचना तपासली तेव्हा उतरलेल्या वजनातला चौथा हिस्सा ते ४० टक्के ऐवज चरबीखेरीजचा निघाला, आणि त्यात स्नायू आले. ज्याच्याकडे स्नायूंचा साठा जन्मापासूनच तुटपुंजा, त्यानं २० टक्के उतरवून घ्यावे आणि त्यातले पाच ते आठ चरबीखेरीजचेच गेलेले असावेत, हा सौदा तपासून घ्यायला हवा. इंजेक्शनबरोबर डाळ, अंडी आणि थोडी वजनं उचलणं हे डॉक्टर सांगतात ते शोभेसाठी नसतं.

औषधांवर पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: तोंडावर ताबा ठेवा, सुई कशाला? या आक्षेपाची परीक्षा २०२१ च्या त्या चाचणीतच होऊन गेली आहे. त्यातल्या ६५५ जणांना औषधाऐवजी नुसतं पाणीदार इंजेक्शन दिलं, पण आहार कमी करण्याचा आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचा सल्ला त्यांनाही सारखाच होता. त्यांचं वजन उतरलं २.४ टक्के. १०० किलोच्या माणसामागे अडीच किलोही नाही, आणि तेही सव्वा वर्षाच्या उपदेशानंतर. महाराष्ट्रानं याची घरगुती आवृत्तीही पाहिली आहे: दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत उरका म्हणणारे दीक्षितपंथी, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणारे दिवेकरपंथी. एका घरात दोन्ही पंथ असले की स्वयंपाकघर दिवसभर उघडं राहायचं. कित्येकांना दोन्हींचा गुण आला, हे मान्य; ज्यांना नाही आला त्यांना नालायक ठरवण्याचा अधिकार मात्र कुणाला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वजन उतरवणाऱ्या औषधांचा इतिहास चांगला नाही. फेनफ्लुरामिननं हृदयाच्या झडपा बिघडवल्या, ते १९९७ साली अमेरिकेतून गेलं. सिबुट्रामिनवर आपल्याकडे २०११ साली बंदी आली. संशय रास्त आहे, म्हणूनच नव्या औषधाला हृदयाच्या बाबतीत वेगळी परीक्षा द्यावी लागली. १७,६०४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडनं हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून २० टक्के कमी केले. मळमळ, बद्धकोष्ठ, पित्ताशयातले खडे हे धोके उरतातच, आणि घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असेल तर या वाटेला जायचंच नाही. औषध थांबवलं की वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत येतं, असंही नोंदलेलं आहे. रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही. हा हिशेब तसाच लांबचा आहे.

म्हणून तर लग्नासाठी बारीक होण्याचा बेत गणितातच बसत नाही. सेमाग्लुटाइडचा डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून पायरीपायरीनं चढवतात आणि पुरा डोस सतराव्या आठवड्याला लागतो. साखरपुड्याला सुरू केलं तर पुऱ्या डोसापर्यंत बऱ्याचदा मांडवपरतणीही आटोपलेली असते. मग सासरी ‘गोड बातमी कधी’ सुरू होतं, आणि गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी औषध बंद करावं लागतं. शिवाय औषध ३० अंशांच्या वर ठेवायचं नसतं, आणि मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज गेलेली असते.

पैशाचं म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये मौंजारोची ५ मिलिग्रॅमची एक कुपी ४,३७५ रुपयांना आली, आठवड्याला एक. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, त्यानंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी. स्वस्ताईबरोबर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेणारेही वाढणार, याची मला जास्त धास्ती वाटते. एका अडचणीवर मात्र कुठल्याच कंपनीकडे उतारा नाही. औषधानं जठर सावकाश रिकामं होतं, तेलकट आणि जास्त जेवण झालं की मळमळतं, आणि आपल्या पंगतीत यजमानाचा आग्रह नेमका त्याच दोन गोष्टींचा असतो. पाहुण्यानं खरं कारण सांगितलं तर यजमान बुंदीची परात घेऊन दुप्पट उत्साहानं वाकणार: ‘मग तर घ्याच की भाऊजी, उतरवायला इंजेक्शन आहेच!’