पुस्तकाचा पंचनामा

साहसकादंबरी वाचण्याची एक रीत ठरून गेलेली आहे: रात्री, पांघरुणात, छातीत धडधड घेऊन. मेळघाटातल्या सेमाडोहच्या वाचकाला ही रीत मान्य नाही. तो भर दुपारी वसतिगृहाच्या ओट्यावर पेन्सिल घेऊन बसतो आणि वाचताना त्याच्या चेहऱ्यावर बीट गार्डाचा संशय असतो.

हा वाचक सातवी-आठवीत कुठंतरी असतो. घरी कोरकू बोलतो, बाजारात हिंदी, सरांशी वऱ्हाडी. मामा पर्यटकांच्या जिप्सीवर गाइड, बाप उन्हाळ्यात जाळरेषेच्या कामावर, आणि आजीची मोहफुलं वेचताना अस्वलाशी समोरासमोर गाठ पडलेली. एवढ्या भांडवलावर कुणीही समीक्षक होईल.

वाचनपेटीतून त्याच्या वाट्याला जे पुस्तक येतं, त्याची पुढची-मागची पानं गळालेली असतात. त्यामुळे लेखक कोण ते कळत नाही, आणि हे लेखकाच्या दृष्टीनं बरंच आहे. गोष्ट आपल्या ओळखीची. मुंबईची तीन भावंडं सुट्टीत वनाधिकारी काकांकडे येतात. काका नेमके दौऱ्यावर. मुलांना गुहेत खजिना आणि सागवानचोर सापडतात, मध्येच वाघ डरकाळी फोडतो, चोर पकडले जातात, कलेक्टर पाठ थोपटतात. मुंबईचा मुलगा हे दोन तासांत संपवून खेळायला जातो. आमच्या वाचकाला आठवडा लागतो, कारण तो पंचनामा करत असतो.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७४ पासूनचा. इकडे वाघानं गाय मारली की वनखात्याची माणसं येतात, जागा बघतात, पाऊलखुणा तपासतात, साक्षीदारांच्या सह्या नाहीतर अंगठे घेतात, आणि मगच भरपाईचा विषय निघतो. हे लहानपणापासून पाहिलेल्या पोराला नुसत्या छापील शब्दावर वाघ मंजूर होत नाही.

"सर, हे पोट्टे कोन्त्या मईन्यात आले?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीत."

"मंग नदीले पूर कसा आला? अन् पूर होता, त याईले सुट्टी काहून होती?"

"अवकाळी आला असेल रे." सर परतवाड्याच्या खालचे, त्यांच्या डोक्यात शनिवारची एसटी. आमचा वाचक समासात 'अवकाळी' असं लिहितो आणि पुढं प्रश्नचिन्ह काढतो. सिपना त्याच्या गावावरून वाहते. मे महिन्यात तिच्यात डोह तेवढे उरतात, हे त्याला कुणी सांगायला लागत नाही.

खरा भडका पुढच्या प्रकरणात उडतो. मे महिना, सागाच्या वाळल्या पानांचा गुडघाभर खच, आणि ही तीन भावंडं जंगलात शेकोटी पेटवून गाणी म्हणतात. इथं तो पुस्तक मिटतो. "सर, याईच्यावर गुन्हा दाखल होते." लेखकानं शेकोटीचं वर्णन फार रसाळ केलेलं असतं, तारे वगैरे. पण बापाला वणव्यामागं धावताना पाहिलेल्या मुलाची सहानुभूती त्या पानापासून भावंडांवरून उठते आणि थेट सागवानचोरांकडे जाते. "चोर त इस्तो इझवून जाते," असा त्याचा निर्वाळा.

वाघाबद्दल त्याचं म्हणणं थोडक्यात आहे. "हा वाघ इतका वरडते, त खाते कवा?"

अस्वलाबद्दल मात्र तो थोडक्यात आटोपत नाही. सबंध पुस्तकात अस्वल नाही, हे त्याच्या लक्षात आलं की तो पानं उलटी-पालटी चाळून बघतो. गळालेल्या पानांत असेल, अशी लेखकाला शेवटची संधीही देतो. वाघाचं काय, माणसाची चाहूल लागली की तो बहुधा वाट सोडून निघून जातो. अस्वलाला नीट दिसत नाही, ते दचकतं आणि अंगावर येतं, तोंडाचाच लचका तोडतं. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं गळतात तेव्हा बाया पहाटे टोपल्या घेऊन निघतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही निघतं. मेळघाटात भीती म्हणजे काय हे कुणाला लिहायचं असेल, तर त्यानं मोहाखालची पहाट लिहावी. आमच्या वाचकाला हे असं मांडता येत नाही. तो एवढंच विचारतो, "सर, लेखकाले अस्वल ठाऊक नसन काय?" मला विचाराल तर मराठी बालसाहित्यावरचा इतका नेमका प्रश्न मी कुठल्या परिसंवादात ऐकलेला नाही.

गुहेतला खजिना भावंडांना तीन दिवसांत मिळतो, यावरही त्याची हरकत आहे. मामानं त्याला रानपिंगळ्याची हकीकत सांगितलेली असते. १८८४ नंतर हा पक्षी शास्त्रज्ञांच्या हाती लागेना, जगानं तो गेलाच असं धरलं, आणि ११३ वर्षांनी, १९९७ साली, तो शहाद्याकडच्या जंगलात दिसला. नंतर मेळघाटातही सापडला. "मोठ्या मोठ्या सायबाईले एक घुबड भेटाले इतके वर्ष लागले, अन् या पोट्ट्याईले तीन दिवसांत पेटारा?" मग जरा थांबून, "पिंगळा काई हारपला नव्हता सर. आमाले कोनी पुसलंच नाही."

म्हणजे साहस त्याला भावत नाही असं नाही. भावतं, पण ते लेखकानं जिथं ठेवलंय तिथं त्याला सापडत नाही. शहरातली मुलं जे पहिलं प्रकरण कंटाळून उडवतात, त्यात याचा जीव टांगणीला लागतो. दादर स्टेशनवर धाकट्याचा हात मोठ्याच्या हातातून सुटतो, ते अर्धं पान त्यानं पुन्हा पुन्हा वाचलेलं असतं. अचलपूरची शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून जवळपास आगगाडी बघायलाही मिळत नाही, आणि इथं तर दर दोन मिनिटांनी एक येते! पण सगळ्यात भयंकर म्हणजे लिफ्ट. वीज जाते, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, आत एकटा मुलगा. लेखकानं हे चार ओळींत हसत हसत उरकलेलं असतं. आमच्या वाचकाला त्या रात्री झोप येत नाही. "वाघाले पिंजऱ्यात घेतलं त डॉक्टर येते, रेंजर येते, अख्खं गाव येते. त्या पोट्ट्यापाशी कोनीच नाही."

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र या पंचनाम्यातून सुखरूप सुटतो. फुरसुंगीचा बनेश फेणे खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, अंगानं काडी, आणि सायकल अशी हाणतो की पाहणाऱ्यानं बाजूला व्हावं. वसतिगृहातल्या पोराला हा सगळा मामला घरचा वाटतो. शिवाय त्याचं ते 'ट्टॉक'. शहरी वाचकांना ती गंमत वाटते. आमच्या वाचकाच्या मते तो वानराचा धंदा आहे. झाडावरच्या वानराला आधी धोका दिसतो, ते खाकरतं, मग सारं जंगल सावध होतं. "हा पोट्टा बराबर हाय. आंधी आवाज देते, मंग पयते." २०१७ साली फेणेवर सिनेमा आला, त्यात अमेय वाघ होता, हे कळल्यावर त्याचा आदर आणखी वाढतो. आडनावामुळं.

शेवटी सर फळ्यावर नेहमीचा प्रश्न लिहितात: या पुस्तकातून तुम्ही काय शिकलात? बाकीची मुलं धाडस, एकजूट, प्रामाणिकपणा असं काहीबाही लिहितात. हा लिहितो: 'घटनास्थळ नक्की नाही. साक्षीदार नाही. अस्वल नाही. लिफ्टात एकट्यानं जाऊ नये.' दहापैकी चार गुण. माझ्या हाती असतं तर मी नऊ दिले असते. एक गुण लेखकाची बाजू ऐकून न घेतल्याबद्दल कापला असता.

तेव्हा जंगलातल्या साहसाची कादंबरी लिहीत असलेल्या सर्वांना विनंती, की छापण्याआधी एक प्रत सेमाडोहला पाठवा. पेन्सिलीच्या खुणांसह आठवड्यात परत येईल. शेकोटीचं प्रकरण आधीच काढून टाकलं, तर त्याहून लवकर.