खरी गोम

गेल्या महिन्यात आमच्या दोन खोल्यांचं पाणीबिल आलं : 84,000 रुपये. खिडकीपलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘काका, सिस्टिममध्ये बग आहे.’’

‘‘पण चूक कुणाची?’’

‘‘चूक कुणाचीच नाही हो. बग आहे.’’

बग म्हणजे किडा. इंग्रजांनी या इवल्याशा जिवावर काय काय लादलंय! पोट बिघडलं, बग. भिंतीत चोरून बसवलेला माइक, बग. फोक्सवॅगनची ती गोलमटोल गाडी, बग. कुणी कानाशी भुणभुण लावली, तर तेही बग करणंच. कीटकशास्त्रज्ञांचं सोवळं मात्र कडक. सोंडेनं रस शोषणाऱ्या हेमिप्टेरा गणातले तेवढेच त्यांच्या लेखी खरे बग. त्यात ढेकूण बसतो, झुरळ बसत नाही. ढेकणाला जन्मात मिळालेला हा एवढाच मान.

संगणकातला बग पतंगापासून सुरू झाला, असं आमचा हिंजवडीतला भाचा छातीठोकपणे सांगतो. 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्डचा मार्क-2 संगणक अडला, रिलेत पतंग सापडला. तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवून खाली लिहिलं, की खरोखरचा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. या ‘खरोखरचा’मध्येच तर गोम आहे. (बघा, मराठीतही वळवळत आलीच!) शब्द आधीपासून रुळलेला होता, म्हणून तर विनोद झाला. यंत्रातल्या खोडीला एडिसननं 1878 च्या पत्रात बग म्हटलेलं आहे. शिवाय पतंग हेमिप्टेरात मोडतच नाही. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध बग हा बग नव्हेच. भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘मामा, तुझ्या डोक्यात किडा आहे.’’

डाइकस्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञानं 1988 मध्येच बजावलं होतं, की बग म्हणू नका, चूक म्हणा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची नजर चुकवून किडा आत शिरत नसतो, चूक त्यानंच केलेली असते. आता असल्या माणसाला कुठल्या कचेरीत कोण उभं करणार? चुकीला कर्ता लागतो, मग खुलासा लागतो, एखादी वेतनवाढही अडकते. किड्याला ना हुद्दा, ना सेवापुस्तक.

या महिन्यात बिल आलं. रक्कम अगदी बरोबर. नावापुढे कंसात : मयत.

खिडकीतला मुलगा म्हणाला, ‘‘काका, तो बग काढला. हा दुसरा. तुम्ही असं करा, हयातीचा दाखला जोडा.’’