सुटली की सोडली?

गडमुडशिंगीत कुणी पडलं, भाजलं, कुणाला म्हशीनं लाथ मारली की आधी रिक्षा बोलावतात, मग कोड्याला. रिक्षाचा उपयोग होतो.

कोड्या घरात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचतो आणि प्रत्येक दुखण्याला आकडा लावतो. ह्याला मेडिकल कोडिंग म्हणतात. पण आमच्याकडं 'पोरगं आकडा लावतंय' म्हटलं की सोयरीक मटक्याच्या संशयानंच मोडते, त्यामुळं गडी अजून बिनलग्नाचा आहे.

अमेरिकेत २०१५ च्या ऑक्टोबरपासून चालणारं आयसीडी-१० हे आकड्यांचं पुस्तक त्याला तोंडपाठ. गाईनं धडक दिली, त्याला कोड आहे. जेट इंजिनात ओढला गेला आणि पुढच्या उपचाराला आला, त्यालाही आहे. गाव विमानतळाला खेटून, त्यामुळं हे ऐकून लोक गंभीर झाले. "एकदा आत वढल्यावर पुढच्या खेपेला येतंय कोण रं?" अण्णांनी विचारलं.

"पुस्तकात हाय म्हंजे हाय, अण्णा."

मग त्याच अण्णांच्या पोटरीत एअरगनचा छर्रा घुसला आणि कोड्याला सण आला.

बंदूक पुतण्याची. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून हा पोरगा शाळूवरची पाखरं 'सराव' म्हणून राखतो. पॉइंट १७७ ची, वीस ज्यूलच्या आतली बंदूक, परवान्याची भानगड नाही. कुसाळेची गोळी ठरल्या जागी लागते, एवढाच काय तो फरक.

दवाखान्यात गाव जमलं आणि सवयीप्रमाणं कारणापासून सुरू झालं. बांध कुणी कोरला, आजोबांनी वाटणी कशी केली... कोड्या कळवळून म्हणाला, "आधी जखम! कारणाचा कोड कधीच पैला येत न्हाई!" आजवर त्या गावात जखम कधीच पहिली आली नव्हती.

डॉक्टरांनी कागदावर 'पोटरीत छर्रा' एवढंच लिहिलं होतं. कोड्यानं विचारलं, "पाय कोणता?" समोर अण्णांचा डावा पाय पट्टी बांधून उशीवर ठेवलेला. डॉक्टरांनी पायाकडं बघितलं, कोड्याकडं बघितलं. "दिसत नाही का?" दिसत होता. पण कोडरनं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, आणि 'डावाच ना?' असं उत्तर सुचवून विचारायलाही बंदी. डॉक्टरांनी 'डावा' लिहिलं तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. अण्णांचा छर्रा अजून आतच होता.

खरी मेख पुढं होती. बंदूक सुटली की सोडली? सुटली तर डब्ल्यू ३४.०१०, दुसऱ्यावर सोडली तर एक्स ९५.०१, स्वतःवर सोडली तर एक्स ७४.०१. गावाचं एकमत होतं: सोडली. आमच्याकडं कारण ठाऊक नसलं की भाऊबंदकी धरून चालतात, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं.

"आणि हेतू कागदावर लिवलाच न्हाई तर?" थोरल्या भावानं, म्हणजे पोराच्या बापानं, हळूच विचारलं.

"तर नियमानं अपघात धरायचा."

भावकीचा एवढा भला विचार करणारं पुस्तक गावानं पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी पाठ करून ठेवलेला आकडा कोड्यानं जाहीर केला: डब्ल्यू ३४.०१०ए. त्यातल्या 'ए'चा अर्थ पहिली भेट नव्हे, उपचार चालू आहेत एवढाच, हे नवशिक्यांना कळत नाही म्हणून त्यानं कंपाउंडरला दोनदा समजावलं. कंपाउंडर तोवर दुसऱ्या पेशंटला इंजेक्शन देत होता.

तेवढ्यात हवालदार पोलीस केसचा कागद घेऊन दारात. अमेरिकेचा नियम त्यांना लागू नाही, हे कोड्यालाही ठाऊक होतं. सगळ्यांच्या नजरा अण्णांवर. अण्णांनी पोटरी चाचपली, थोरल्याकडं बघितलं.

"सुटली म्हणून सांगतो," ते म्हणाले. "पर हिरीची पाळी दोन तास जादा पायजे. उन्हाळाभर."

थोरला म्हणाला, "एक तास."

कोड्या खिशातून पेन काढत होता. "अण्णा, हे कागदावर येऊ द्या."