हा आकडा कोणाच्या बोटाचा?

दहा माणसं. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर दवाखान्यांसाठी बाजारात आणायचा, तर २०१३ पासून अमेरिकेच्या एफडीएची अपेक्षा एवढीच होती: किमान दहा निरोगी माणसांवर चाचणी, मिळून दोनशे नोंदी. त्या दहांत गडद कातडीची किमान दोन. गडद म्हणजे किती गडद, हे कुठेच ठरवलेलं नव्हतं. आणि खोक्यावर ‘तंदुरुस्तीसाठी’ असं छापलं, की तेवढीही तपासणी नाही.

ही चाचणी होते कशी? माणसाच्या धमनीत सुई घालतात, श्वासातला ऑक्सिजन हळूहळू कमी करतात, रक्त काढतात आणि त्यातला खरा आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडून बघतात. यंत्र बोटातून दोन प्रकाश सोडतं, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा, आणि कोणता किती शोषला गेला यावरून हिशेब मांडतं. पण प्रकाश त्वचेतलं रंगद्रव्यही शोषतं. हिशेब बहुतांशी गोऱ्या बोटांवर बसवला, की काळ्या बोटावर तो चुकतो आणि नेमका धोक्याच्या बाजूला चुकतो. आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. माणूस गुदमरत असतो आणि पडदा सांगतो, ठीक आहे.

हे कळलं कधी? अतिदक्षता विभागातल्या कृष्णवर्णीय रुग्णांत आकडा चुकतो, हे १९९० मध्येच छापून आलं होतं. त्यानंतर तीस वर्षं यंत्रं विकली गेली. २०२० च्या डिसेंबरात, कोविडच्या धामधुमीत, मिशिगनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी तपासून निष्कर्ष छापले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ च्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं होतं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. २०२२ च्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात आशियाई वंशाच्या रुग्णांतही आकडा फुगलेला आढळला.

आशियाई म्हणजे आपणही. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई हेच यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. उन्हातान्हात, तुटपुंज्या मानधनात. ९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठायचा, हे घराघरात पाठ झालं. त्या ९४ वर कोणाला खाट मिळाली आणि कोणाला ‘घरीच थांबा’ सांगितलं गेलं. शेतात राबून रापलेल्या बोटावर ते ९४ खरं होतं का? आशाताईंकडे हे तपासायचं साधन नव्हतं. ते काम यंत्र बनवणाऱ्यांचं आणि परवाना देणाऱ्यांचं.

२०२१ च्या जुलैत केंद्रानं ऑक्सिमीटरवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. उत्तम केलं. पण स्वस्त आणि चुकीचा आकडा गरिबालाच महाग पडतो. किमतीबरोबर चाचणीचा कागदही मागायला हवा होता.

यंत्र वाईट नाही. जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या कल्पनेनं भूल दिलेल्या असंख्य माणसांना जगवलं आहे. दोष चाचणीचा आहे आणि तो दुरुस्त होतो. २०२५ च्या जानेवारीत एफडीएनं नवा मसुदा काढला: दहाऐवजी किमान दीडशे माणसं, आणि त्वचेचा रंग अंदाजानं न ठरवता मोजून.

आपल्याला तर गडद त्वचेची माणसं शोधत फिरायचीही गरज नाही. सरकारी रुग्णालयांसाठी ऑक्सिमीटर घेताना निविदेत एक अट घाला: हे यंत्र किती भारतीयांवर, त्वचेच्या कोणकोणत्या छटांवर तपासलं आणि प्रत्येक छटेत किती चुकलं, त्याचा अहवाल जोडा. ऑक्सिजन मोजणारी मनगटावरची घड्याळं रुग्णांसाठी विकायला येतील, तेव्हाही हाच कागद मागा. अहवाल नसेल, तर किमतीचा लखोटा न उघडता परत पाठवा.