बिनधुराचे आप्पा

वस्तू दुसऱ्यानं घ्यायची आणि चौकशी आपण करायची, असा एक माणूस दर गल्लीत असतो. कुणी फ्रीज घ्यायचा म्हटलं की तो कंप्रेसरवर बोलतो. कुणी बोअर मारायची म्हटली की तळहातावर नारळ घेऊन रानात हजर होतो. आमच्या कंग्राळीत या जातीची पैदास जरा जास्तच आहे. बेळगावला खेटून असल्यामुळं माहिती शहराची आणि वेळ खेड्याचा, असं दुहेरी भांडवल इथं फुकट मिळतं. या मंडळींत चुलीचं खातं आप्पांकडं आहे.

आप्पा चूल पेटवत नाहीत. ते काम त्यांच्या बायकोचं, आक्कांचं. आप्पा चूल निवडतात. म्हणजे निवडताहेत, बरीच वर्षं.

आप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतून रिटायर झाले. त्या भट्ट्यांचा जाळ त्यांच्या बोलण्यात अजून आहे. क्युपोला, कोक, ब्लोअर हे शब्द ते घरच्या पोरांची नावं घ्यावीत तसे घेतात. नोकरी स्टोअरमध्ये होती, भट्टीपासून बरीच लांब, पावत्या लिहायची. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. फक्त ती निघाली की ते पाणी प्यायला उठतात.

आता कुणी म्हणेल, गॅस घरोघर आला, मग चूल हवी कशाला? असं म्हणणाऱ्यानं कंग्राळीत थंडीचा एक महिना काढावा. आमच्याकडं न्हाणीत तांब्याचा हंडा असतो आणि हंड्याखाली चूल असते. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं ही अजून उधळपट्टी समजली जाते. सून नवी असेल तर दोन दिवस खपवून घेतात. शिवाय रोजच्या भाकरी आहेत, दिवाळीचा फराळ आहे, लग्नसराईत उपड्या खापरावरचे मांडे आहेत. सिलिंडर चहाला आणि पाहुण्यांना. तेव्हा चुली आहेत आणि धूरही आहे.

पूर्वी त्या धुराचं कुणाला काही वाटत नव्हतं. आप्पांच्या परड्यामागं रताळ्याचं रान होतं आणि रताळी तक्रार करत नाहीत. मग त्या रानाचे प्लॉट पडले, लेआऊट झाला आणि नेमका आप्पांच्या न्हाणीच्या वाऱ्याखाली एक दुमजली बंगला उठला. त्या बंगल्यातल्या काकूंनी गच्चीवर पहिल्यांदा पांढऱ्या चादरी वाळत घातल्या, त्या दिवशी कंग्राळीतलं पहिलं धूरबंदीचं क्षेत्र जाहीर झालं. गॅझेट निघालं नाही. काकूंनी कठड्यावरून नुसतं विचारलं, "आप्पा, किती धूर करताय ओ?"

झालं. आप्पांच्या निवृत्त आयुष्याला काम मिळालं.

पहिला फोन भाच्याला गेला. भाचा लंडनजवळ एका उपनगरात राहतो आणि मामाला खरं सांगायची त्याला वाईट खोड आहे. त्यानं सांगितलं की तिकडं धूरबंदीचे रीतसर भाग आखलेले आहेत. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाचा धूर धुक्यात कोंडून बसला, हजारो माणसं गेली, आणि त्यातून 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. आजही अशा भागात लाकूड जाळायचं तर सरकारनं तपासून मंजूर केलेल्या यादीतलीच शेगडी लागते. धुराड्यातून धूर दिसला तर इंग्लंडात 175 पासून 300 पौंडांपर्यंत दंड. आप्पांनी लगेच त्याचे रुपये केले, तीस हजारांवर गेले. तेव्हापासून ते काकूंशी जरा अदबीनं बोलतात.

पण त्यांना खरा चटका लावला तो 1956 या सालानं. "बघा की ओ," ते पारावर म्हणाले, "एकच साल. त्यांनी त्या साली धूर बंद केला आणि आपल्याकडं त्याच साली धूर सुरू झाला." राज्य पुनर्रचनेवर आमच्या भागात एवढ्या थोडक्यात अजून कुणी भाष्य केलेलं नाही. तिकडचा धूर निवला. आमचा, सीमावादाचा, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि दर 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळून आम्ही त्याला फुंकर घालतो.

भाच्यानं आणखी एक चूक केली. पुढच्या सुट्टीत येताना त्यानं मामासाठी लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र आणलं. मुठीत मावेल एवढा डबा, पुढं दोन टोकदार पिना. पिना लाकडात खुपसायच्या आणि आकडा वाचायचा. इंग्लंडात मे 2021 पासून किरकोळ विक्रीच्या जळणात 20 टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही, त्यासाठी ही सोय. कंग्राळीत तिचे उपयोग जास्त निघाले. आप्पांनी पिना आधी बाभळीच्या ढलपीत खुपसल्या, मग निलगिरीच्या ओंडक्यात, मग न्हाणीच्या भिंतीत, मग शेणीत, रताळ्यात, वाळत घातलेल्या सांडग्यात आणि एकदा आक्कांची पाठ वळल्यावर गरम भाकरीत. भाकरीला दोन भोकं दिसली तेव्हा आक्कांनी घरात उंदीर झालेत म्हणून मांजर आणलं. वखारीतला मालक तर आप्पांना लांबून बघूनच भाव चढवतो. पावसाळ्यातल्या लाकडात आकडा पार वर जातो, हे सांगायला त्याला लंडनचं यंत्र नको असतं.

ओलाव्याची शहानिशा झाल्यावर आप्पा मूळ प्रश्नाकडं वळले: चूल कुठली? इथं सीमाभागातल्या माणसाची जी अडचण होते ती मुंबई-पुण्याच्या वाचकाला कळायची नाही. निर्धूर चुलींवर दोन्ही राज्यांत काम झालेलं. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अ‍ॅस्ट्रा नावाचा गट निघाला, त्यांनी तीन भांड्यांची, धुराड्याची 'अस्त्र ओले' (कानडीत ओले म्हणजे चूल) तयार केली आणि ती कर्नाटकातल्या खेड्यांत पोचली. महाराष्ट्राच्या बाजूला डॉ. आनंद कर्व्यांची 'आरती' ही संस्था, फलटण आणि पुण्याची. त्यांच्या चुलींची नावं लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी, गृहलक्ष्मी अशी. हळदीकुंकवाला बोलावावीत अशी. आप्पांचं डोकं म्हणतं बेंगळुरू, काळीज म्हणतं पुणे. आप्पांनी वहीत दोन रकाने आखले, मध्ये रेघ मारली आणि ती रेघ नेमकी कुठून जावी यावरच त्यांचा एक आठवडा गेला. सीमावादावर महाजन आयोग 1966 साली नेमला आणि 1967 साली त्याचा अहवाल आला. आप्पांच्या आयोगाचा अहवाल अजून यायचाय.

या वहीत माहिती मात्र चोख आहे, हे मान्य करायला हवं. धूर म्हणजे न जळलेलं जळण, हे वाक्य तिच्या पहिल्या पानावर आहे आणि ते खरं आहे. लाकूड तापलं की त्यातून आधी वायू सुटतात. त्यांना पुरेशी ऊब आणि वरून हवा मिळाली तर त्यांचीच ज्योत होते, नाहीतर ते धूर होऊन काकूंच्या चादरीवर जातात. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेतला दहा-पंधरा टक्के भाग भांड्याला लागतो, उरलेला गावाला. भारतीय मानक 13152 प्रमाणं साध्या हवेच्या चुलीची कार्यक्षमता किमान 25 टक्के हवी आणि पंख्याच्या चुलीची 35. पंख्याच्या चुलीतून भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागं 150 मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ-काजळी निघता कामा नये, साध्या हवेच्या चुलीला 350 पर्यंत माफी. हे आकडे आप्पा मर्तिकाला गेले तरी सांगतात. स्मशानात तर त्यांना विषयही आयता मिळतो.

मग पाहणी दौरे. निपाणीला आप्पांची बहीण असते. तिच्याकडं एका कंपनीची पंख्याची चूल होती, भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या जाळायची. चूल झकास होती, निळी ज्योत द्यायची. पुढं कांड्या महागल्या, मग मिळेनाशा झाल्या, आणि आता त्या चुलीत बहिणीनं कोरफड लावलीय. आप्पांनी वहीत नोंद केली: "चूल उत्तम. जळण नाही."

निपाणीहून येताना वाटेत गुऱ्हाळ लागलं. हंगाम होता, चुलाणावर काहील उकळत होती आणि जळव्या वाळलेल्या चिपाडाचे कवळे चुलाणाच्या तोंडात सारत होता. भट्टी दिसली की आप्पांना राहवत नाही. त्यांनी त्याला वरची हवा, खालची हवा, वायूंचं ज्वलन असं सगळं समजावलं. जळव्या ऐकत होता, पण नजर धुराड्याच्या टोकावर. तिथं धूर जरा काळवंडला की हात आवरायचा, विरळ झाला की एक कवळा आत. आप्पांचं संपल्यावर तो म्हणाला, "मालक, तुम्ही बोलत होता तेवढ्यात गुळव्यानं दोनदा शिव्या घातल्या. बाजूला सरा." आप्पांनी ही भेट वहीत लिहिलेली नाही. मला त्यांच्या निपाणीच्या बहिणीच्या मुलाकडून कळली.

घरी परीक्षक आक्का. आप्पा चित्र दाखवतात, आक्का एकच प्रश्न विचारतात, "भाकरी कुठं उभी करायची?" हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. तव्यावरची भाकरी उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी धरली की टम्म फुगते. नव्या शेगड्या चारी बाजूंनी बंद, निखारा आत कैद. धूर कमी होतो तो त्यामुळंच, आणि भाकरी पापडासारखी पडते तीही त्यामुळंच. शिवाय लाकूड वीतभर कापून हवं. म्हणजे कुऱ्हाड हवी, कुऱ्हाड धरणारा हवा. आप्पांची कंबर फौंड्रीतल्या पावत्यांनी गेलेली.

एकदा आप्पांनी ओडिशातला अभ्यास वाचून दाखवला. एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांत धुराड्याच्या चुली बसवलेल्या घरांवर चार वर्षं लक्ष ठेवलं. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढं फरक उरला नाही. चुली फुटल्या, धुराडी कुणी साफ केली नाहीत, बायका जुन्या चुलीकडं परतल्या. 1983 पासून दोन दशकं चाललेल्या केंद्र सरकारच्या योजनेत तीन कोटींहून जास्त सुधारित चुली वाटल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरींचं हेच झालं. "या बाईंना पुढं नोबेल मिळालं," आप्पा म्हणाले.

"धुराडं कुणी साफ करत न्हाई, हे शोधून काढल्याबद्दल?" आक्कांनी विचारलं. मग वर पत्र्याकडं बघितलं. तिथं याच घरात ऐंशीच्या दशकात बसवलेल्या धुराड्याचं भोक अजून आहे. ते साफ करायची पाळी आप्पांची होती. त्यात आता चिमण्या राहतात, आणि चिमण्या दुर्मीळ झाल्यात म्हणून आप्पा ते बुजवू देत नाहीत.

असा सगळा अभ्यास चालू असताना मागच्या पावसाळ्याआधी आक्कांनी परड्यातलं जळण उचलून सोप्याच्या माळ्यावर टाकलं. दिराच्या नातवाला शंभराची नोट दाखवून ओंडक्यांच्या बारीक ढलप्या करून घेतल्या. वखारीतलं ओलं लाकूड बंद केलं. काय चाललंय ते आप्पांच्या लक्षात आलं नाही. ते त्या आठवड्यात भुशाच्या शेगडीवर होते. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून खालून पेटवायचं. पूर्वी घरोघर चालायची ती. आप्पांनी बाटली काढली आणि भुसा कोसळला.

मग आक्का एका सकाळी कुंपणापाशी गेल्या. पलीकडं काकू. माझं घर शेजारी, त्यामुळं ही शिखर परिषद मी खिडकीतून पाहिली. आक्का म्हणाल्या, हंडा मी साडेपाचला पेटवते, साडेसहाला विझलेला असतोय. काकू म्हणाल्या, मी कपडे आठला घालीन की मग. आक्कांनी कुंपणावरून रताळी दिली, काकूंनी पिशवी परत करताना त्यात कुंदा घातला. ना आयोग, ना नकाशा. चहा उतू जायच्या आत सगळं मिटलं.

तेव्हापासून काकूंचा प्रश्न बंद आहे. आप्पांचं म्हणणं, हा त्यांच्या जनजागृतीचा परिणाम. त्यांनी वाळलेल्या ढलप्यांत पिना खुपसून आकडा पाहिला, 20 च्या आत निघाला, आणि तो फोटो भाच्याला पाठवला. खाली लिहिलं, "आमचा भाग आता तुमच्या कायद्यात बसतो."

कुणाला वाटेल आता आप्पा रिकामे झाले. छे. 'आरती'च्याच घरगुती बायोगॅसला 2006 साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता, हे त्यांना नुकतंच कळलंय. शेणाची गरज नाही, उरलंसुरलं पिठूळ अन्न, शिळा भात, खरकटं यावर तो चालतो. वही नवी आणलीय. परवा रात्री जेवणं झाल्यावर ते पेन उघडून आक्कांसमोर बसले आणि विचारलं, "आपल्या घरात रोज अन्न किती उरतं?"

आक्का भांडी गोळा करत होत्या. "तुम्ही जेवायच्या आधी विचारा," त्या म्हणाल्या, "नंतर काय उरतंय?"