सर्वधर्मसमभाव सापडला!

देशात सर्वधर्मसमभाव उरला नाही अशी ज्यांची रड आहे, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या कौशल खटल्यातली नावं वाचावीत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 शाबूत राहावं म्हणून कोण कोण एका बाकावर बसलंय! मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि (चष्मा पुसून पुन्हा वाचा) क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. मुख्य अर्जदार ज्योतिषी. म्हणजे मुहूर्तही घरचाच.

2018मध्ये 377चा दात पडला. पुढे लग्नाचा हक्क मागायला समलिंगी जोडपी न्यायालयात गेली. भारतीय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं, असं केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं. एरवी सरकारने आज सोमवार म्हटलं तर जमियत उलेमा-ए-हिंद कॅलेंडर बघून घेईल. इथे मात्र तीही विरोधाचा अर्ज घेऊन हजर. आपल्या शरियतीत कुणी नाक खुपसू नये, हे समजू शकतं. पण व्यक्तिगत कायद्यांना हात लावणार नाही, फक्त 1954चा विशेष विवाह कायदा बघू, हे न्यायालयाने सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. निकाहाला धक्का नाही, तरी शेजारच्या मांडवावर हरकत. जो मुसलमानही आहे आणि समलिंगीही, त्याने कुठे बसायचं?

पलीकडच्या बाकावर तरी फार उजेड होता असं नाही. 2015मध्ये मुंबईतल्या एका आईने मुलासाठी 'वर पाहिजे' अशी जाहिरात दिली. इतरांनी नाकारली, 'मिड-डे'ने छापली. बाईंच्या हिमतीला सलामच. शाकाहारी हवा, प्राण्यांवर प्रेम करणारा हवा, जातीची अट नाही. पुढे कंसात: आमच्यातला असल्यास प्राधान्य. गंमत असेलही, पण हा कंस 377पेक्षा चिवट. 2020मध्ये आझाद मैदानातल्या प्राइडमध्ये विद्यार्थी कार्यकर्ता शरजील इमामच्या बाजूने घोषणा झाल्या, घोषणा देणाऱ्यांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला, आणि संयोजकांनी हात झटकले. प्राइड होता, पण बेताचा.

लग्नाच्या खटल्यात 17 ऑक्टोबर 2023ला पाचही न्यायमूर्ती म्हणाले, लग्न हा मूलभूत हक्क नाही. विशेष विवाहाच्या 30 दिवसांच्या नोटिशीलाही याचिकांमध्ये आव्हान होतं. ती आहे तशीच राहिली. हिंदू मुलगी आणि मुसलमान मुलगा यांची नावं अजून विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर लागतात. ती वाचायला कोण येतं, हे जमियतला वेगळं सांगायला नको.